चर्चातासाची नोंद आणि साहित्याचे अध्यापन : अध्यापकाच्या चिंतनसंचिकेविषयी काही विचार

१

साहित्याच्या वर्गात व्याख्यानाच्या जोडीने चर्चेला स्थान असावे, याविषयी आज फारसा मतभेद राहिलेला नाही. पदव्युत्तर वर्गांत गटचर्चा, नाट्यवाचन, विद्यार्थ्यांचे निबंधवाचन आणि त्यावरील प्रश्नोत्तरे हे उपक्रम कमीअधिक प्रमाणात होत असतात. तथापि तास संपल्यानंतर या चर्चेचे काय उरते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. व्याख्यानाची टिपणे अध्यापकाजवळ राहतात आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांतही उतरतात. चर्चा मात्र घंटा होताच विरून जाते. तिच्यात कोण बोलले, कोण बोलले नाही, एखादे वाक्य कशामुळे अर्ध्यावर थांबले, अध्यापकाच्या कोणत्या शब्दाने चर्चेला वळण मिळाले, यांपैकी काहीही मागे राहत नाही. जे मागे राहत नाही त्याचा विचारही होत नाही, आणि मग पुढल्या वर्षी तीच संहिता त्याच प्रश्नांनी, त्याच चार विद्यार्थ्यांसमवेत चर्चिली जाते.

या उणिवेवरील एक उपाय म्हणून अध्यापकाची चिंतनसंचिका, म्हणजेच ज्याला शिक्षणशास्त्रात पोर्टफोलिओ असे म्हटले जाते, तिची शिफारस गेली काही दशके केली जात आहे. प्रस्तुत लेखात या संचिकेचा विचार साहित्याच्या अध्यापकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : संचिका ही चर्चा यशस्वी झाल्याचे प्रशस्तिपत्र नव्हे, ती चर्चेत प्रत्यक्ष काय घडले याची संहिता होय. ही संहिता वाचण्याची साधने साहित्याच्या अध्यापकाजवळ आधीपासूनच आहेत. ती त्याने कथा-कवितांप्रमाणे स्वतःच्या तासालाही लावली पाहिजेत.

२

संकल्पनेची पार्श्वभूमी प्रथम पाहू. अनुभवातून आपोआप ज्ञान होत नाही, अनुभवाची चिकित्सा करावी लागते, हा विचार जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ वुई थिंक' या ग्रंथात मांडला. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथात कृती चालू असताना होणारे चिंतन आणि कृतीनंतर तिच्याविषयी केलेले चिंतन असा भेद केला. चर्चातासाला हा भेद विशेष लागू पडतो. चर्चा चालू असताना अध्यापक क्षणोक्षणी निर्णय घेत असतो : कोणाला बोलू द्यावे, कोठे थांबवावे, कोणते वाक्य फळ्यावर लिहावे. हे निर्णय इतक्या वेगाने होतात की त्यांची कारणे त्याची त्यालाही तेव्हा कळत नाहीत. ती कळावयाची असतील तर नंतर शांतपणे नोंदीकडे यावे लागते.

अध्यापकांच्या मूल्यमापनासाठी संचिकेचा पद्धतशीर वापर करण्याचे प्रयोग १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुल्मन यांच्या नेतृत्वाखाली झाले. लक्षणीय गोष्ट अशी की, या प्रयोगांच्या प्रणेत्यानेच पुढे १९९८ मध्ये संचिकेपासून संभवणारे धोके स्पष्ट शब्दांत सांगितले. सजावट आशयावर मात करते. केवळ उत्तम तासच निवडून मांडले गेल्याने नेहमीच्या अध्यापनाचे विपरीत चित्र उभे राहते. आणि मूल्यमापनाचे निकष जसजसे काटेकोर होतात तसतशी संचिका ज्या छापील चाचणीला पर्याय म्हणून आली तिच्यासारखीच होऊ लागते. या इशाऱ्याचे महत्त्व पुढे पाहू.

वर्गातील बोलण्याचा अभ्यासही याच काळात झाला. सिंक्लेअर आणि कूल्थर्ड यांनी १९७५ मध्ये वर्गसंभाषणाची त्रिपदी रचना दाखवून दिली : अध्यापकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्या उत्तरावर अध्यापकाचा अभिप्राय. डग्लस बार्न्स यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे दोन प्रकार केले. एक, विचार घडत असतानाचे चाचपडते बोलणे. दुसरे, अध्यापकाला सादर करण्यासाठी नीटनेटके केलेले बोलणे. आपल्याकडील चर्चातासांत बहुधा दुसऱ्या प्रकारालाच शाबासकी मिळते. अडखळत बोलणारा विद्यार्थी प्रत्यक्ष विचार करीत असण्याची शक्यता मात्र नजरेआड होते.

३

आता एका संहितेच्या आधारे नोंदीचे स्वरूप पाहू. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. एका हौशी नाट्यमंडळीने वेळ घालविण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला हळूहळू लीला बेणारे या शिक्षिकेवरील खऱ्या खटल्याचे रूप घेतो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. तिचे दीर्घ स्वगत होते, तेव्हा इतर पात्रे निश्चल असतात. हे स्वगत खटल्यातील माणसे ऐकतात की केवळ प्रेक्षक ऐकतात, हा चर्चेसाठी अत्यंत उपयुक्त प्रश्न आहे. याचे एकच एक उत्तर नाही, आणि कोणतेही उत्तर दिले तरी संहितेकडे परत जावे लागते.

या चर्चेच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही स्पष्टीकरणासाठी रचलेल्या आहेत. पहिली अशी :

"आज 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर चर्चा घेण्यात आली. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. स्त्रीजीवनाच्या विविध पैलूंवर सखोल विचारमंथन झाले. चर्चा उद्बोधक ठरली व उद्दिष्ट साध्य झाले."

दुसरी अशी :

"उपस्थिती तेवीस, मुली चौदा, मुलगे नऊ. प्रश्न : बेणारेचे बोलणे कोर्टातले कोणी ऐकते का? पहिली दहा मिनिटे तीन मुलगे बोलले. तिघांचेही बोलणे आरोप खरा की खोटा याविषयी. मूळ प्रश्नाला कोणी हात घातला नाही. मुलींपैकी कोणी बोलले नाही. त्यानंतर एका विद्यार्थिनीचे वाक्य : 'त्यांनी ऐकलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.' मी 'अगदी बरोबर' म्हणाले आणि वाक्य फळ्यावर लिहिले. सर्वांनी ते उतरवून घेतले. पुढे कोणी बोलले नाही. तास संपण्यास बारा मिनिटे शिल्लक होती."

पहिल्या नोंदीतील एकही विधान खोटे ठरविता येत नाही, आणि हीच तिची उणीव आहे. तिच्यात 'उत्स्फूर्त', 'सखोल', 'उद्बोधक' ही विशेषणे आहेत; पण विशेष्ये कोठेच दिसत नाहीत. 'चर्चा घेण्यात आली' या कर्मणी रचनेत चर्चा घेणारा दडलेला आहे. 'विद्यार्थ्यांनी' या अनेकवचनात बोलणारे चार आणि न बोलणारे एकोणीस एकाच पंक्तीला बसले आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने कवितेचे रसग्रहण अशा भाषेत लिहिले असते तर आपण समासात 'संहितेतील आधार?' असा शेरा मारला असता. तोच शेरा येथेही लागू आहे.

दुसऱ्या नोंदीत स्तुती नाही आणि निंदाही नाही. परंतु तिच्यावर विचार करता येतो. 'अगदी बरोबर' हा त्रिपदी रचनेतील तिसरा घटक होय. वरवर पाहता ते प्रोत्साहन आहे. पण खुल्या प्रश्नावरील एका मताला 'बरोबर' म्हटले की उरलेली मते आपोआप 'चूक'च्या बाजूला जातात. आणि वाक्य फळ्यावर गेले की ते परीक्षेच्या उत्तराचे रूप धारण करते. त्या क्षणी चर्चा संपून टिपणे देणे सुरू झाले, असे एक वाचन संभवते. दुसरे वाचनही संभवते : ते वाक्य वर्गाला इतके भिडले की बोलण्यासारखे काही उरले नाही. कोणते वाचन ग्राह्य, हे एका नोंदीवरून ठरणार नाही. पुढील चर्चेत 'बरोबर' या अभिप्रायाऐवजी 'याला नाटकात आधार कोठे सापडतो?' असा प्रतिप्रश्न करावा आणि काय होते ते पुन्हा नोंदवावे. अशा प्रकारे एक नोंद दुसऱ्या नोंदीकडे नेते तेव्हाच सुट्या कागदांची संचिका होते.

४

घडलेला प्रसंग आणि त्यातून काढलेला बोध या दोहोंमधील अंतर राखणे हा चिंतनलेखनातील सर्वांत अवघड भाग आहे. या बाबतीत मराठी गद्याच्या आरंभकाळातील एक उदाहरण उद्बोधक वाटते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या आठवणी संकलित केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. त्यातील लीळेत बोधवचनाबरोबर ते कोठे, कोणाशी, कशावरून उच्चारले गेले याचा प्रसंगही येतो. पुढे केसोबासांनी यातील वचने वेगळी काढून 'सूत्रपाठा'ची रचना केली, आणि 'दृष्टान्तपाठा'त सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी मांडणी केली. लीळेत वचन प्रसंगात रुजलेले आहे. सूत्रात ते प्रसंगापासून सुटे झाले आहे. दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे. परंतु क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी लीळा, मग सूत्र.

आपली अध्यापनविषयक टिपणे बहुधा उलट क्रमाने जातात. 'विद्यार्थी वाचत नाहीत', 'मुली चर्चेत भाग घेत नाहीत', 'ग्रामीण विद्यार्थ्यांना प्रमाणभाषेचे दडपण येते' ही सूत्रे अध्यापकाच्या मनात आधीच तयार असतात आणि नोंदीत प्रसंग त्यांचे दृष्टान्त म्हणून येतात. ही सूत्रे खोटीच असतात असे नाही. परंतु ज्या नोंदीतून आपल्याला आधी ठाऊक नव्हते असे काही निघूच शकत नाही, ती नोंद निरर्थक होय.

याच परंपरेतील आणखी एक पद्धत येथे उपयोगी पडेल. एखाद्या लीळेविषयी स्मरणांत भेद असेल तेथे तो भेद 'वासना' या नावाने मूळ लीळेसोबत नोंदविलेला हस्तलिखितांत आढळतो. हे लेखन श्रद्धेपोटी झाले आणि वर्गातील नोंदीशी त्याची तुलना केवळ पद्धतीपुरतीच आहे, हे खरे. तरीही एकाच प्रसंगाच्या अनेक आठवणी असू शकतात आणि त्या सर्व जपण्याजोग्या असतात, ही जाणीव तेथे आहे. चर्चेनंतर दोन-तीन विद्यार्थ्यांना 'आज काय झाले?' या प्रश्नावर पाच ओळी लिहावयास सांगाव्यात आणि त्या अध्यापकाच्या नोंदीला जोडाव्यात. 'चर्चा मोकळी झाली' असे अध्यापकाने लिहिले असेल आणि 'बोलायचे होते, पण विषय पुढे गेला' असे विद्यार्थ्याने, तर हा पाठभेदच त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद ठरतो.

५

पाठभेदांपैकी सर्वांत दुर्लक्षित पाठ म्हणजे मौन. बी.एड.च्या अभ्यासक्रमातून फ्लॅंडर्स यांची आंतरक्रिया-विश्लेषण पद्धती अनेकांना परिचित आहे. दर तीन सेकंदांनी वर्गातील वर्तनाची नोंद करावयाची या पद्धतीत दहा प्रवर्ग आहेत : सात अध्यापकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ' यांचा एकत्रित. वर्गात अध्यापक किती बोलतो हे या पद्धतीने डोळ्यांसमोर आणले, हे तिचे श्रेय आहे. परंतु शांतता आणि गोंधळ एकाच खान्यात टाकणारी पद्धती साहित्याच्या तासाला अपुरी पडते. विचारात गढलेल्यांचे मौन, न वाचून आलेल्यांचे मौन, घाबरलेल्यांचे मौन आणि नकाराचे मौन ही चार वेगळी मौने आहेत.

मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार प्राथमिक शाळेतील विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबत होते. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांबली आणि आपणहून बोलणाऱ्यांची संख्याही वाढली. साहित्याचा प्रश्न अधिक काळ मागतो, हे सांगावयास नको. बेणारेला दिलेल्या दहा सेकंदांना आपण क्रौर्य म्हणतो. आपल्या प्रश्नानंतर आपण किती सेकंद देतो, हे संचिकेत नोंदवून पाहण्यासारखे आहे.

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) किंवा दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) यांवरील चर्चेत मौनाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. संहितेतील अनुभव ज्यांच्या घरचा आहे असे विद्यार्थी वर्गात असतात आणि तो ज्यांनी केवळ पुस्तकात वाचला आहे असेही असतात. बहुधा दुसऱ्या गटातील विद्यार्थी सहानुभूतीने, सफाईदार भाषेत बोलतात. पहिल्या गटातील विद्यार्थ्याकडे अध्यापकाने 'तू सांग' अशा अपेक्षेने पाहिले, तर त्याची स्थिती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या माणसासारखी होते. त्याचे मौन हा सहभागाचा अभाव समजणे चुकीचे आहे. ते त्याचे उत्तर असू शकते. नोंदीत 'काही विद्यार्थी निष्क्रिय होते' असे लिहिण्यापूर्वी आपला प्रश्न कोणाला उद्देशून होता, हे अध्यापकाने आधी लिहिले पाहिजे.

६

येथे संचिकेच्या वापराचा नैतिक प्रश्न उभा राहतो. १९९४ मध्ये 'नॅक'ची स्थापना झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी 'एपीआय' गुणांकन आणले आणि २०१८ च्या नियमावलीने त्याचे स्वरूप बदलले. या सर्व काळात महाविद्यालयीन अध्यापकाला आपल्या कामाचा लेखी पुरावा जमविण्याची सवय लागली आहे. उपस्थितीपत्रके, छायाचित्रे, अहवाल यांच्या फायली प्रत्येक विभागात आहेत. उत्तरदायित्व आवश्यक आहे यात शंका नाही. पण पुरावा आणि चिंतन यांचे हेतू परस्परविरुद्ध दिशांना जातात. पुराव्याला यश दाखवावे लागते. चिंतनाला अडलेली जागा दाखवावी लागते. ज्या नोंदीवर पदोन्नती अवलंबून आहे, तिच्यात 'बारा मिनिटे कोणी बोलले नाही' हे वाक्य कोण लिहील? तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, दर वर्षी नव्याने नियुक्ती मिळवाव्या लागणाऱ्या तरुण अध्यापकाकडून तर अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. शुल्मन यांनी सांगितलेले धोके आपल्याकडे अधिक तीव्र होतात ते यामुळे.

दुसरा धोका विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. तेंडुलकरांच्या नाटकात माणसे एकमेकांविषयी सहज जाता जाता मिळालेली माहिती साक्ष म्हणून वापरतात; कानावर आलेले बोलणेही पुरावा होते. अध्यापकाची नोंदवही अशाच साक्षींचा संग्रह होऊ शकते. एखाद्या विद्यार्थिनीने चर्चेच्या ओघात घरच्या परिस्थितीविषयी उच्चारलेले वाक्य तिच्या नावानिशी लिहिले गेले, फायलीत लागले आणि समितीपुढे ठेवले गेले, तर चर्चेने दिलेला विश्वास नोंदीने मोडला असे होईल.

म्हणून संचिकेचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवणे उचित ठरेल. पहिली, खाजगी नोंदवही : ती अध्यापकाचीच असेल आणि तिची मागणी कोणी करू नये. दुसरी, निवडक संचिका : नोंदवहीतील तीन-चार नोंदी, त्यांवरील भाष्य आणि त्यातून अध्यापनात झालेला बदल यांचा समावेश असलेली. ही सहकाऱ्यांना आणि आवश्यक तर समितीला दाखविता येईल. दोहोंतही विद्यार्थ्यांची नावे नसावीत. ओळख पटेल असे वाक्य निवडक संचिकेत घ्यावयाचे असेल तर त्या विद्यार्थ्याची संमती घ्यावी. समितीनेही किती तास यशस्वी झाले हे न पाहता, अध्यापकाने स्वतःच्या नोंदीचे वाचन किती प्रामाणिकपणे केले हे पाहावे.

७

या लेखनाविरुद्ध घेतला जाणारा मुख्य आक्षेप वेळेचा आणि वर्गाच्या आकाराचा आहे. ऐंशी-नव्वद विद्यार्थ्यांच्या वर्गात कोण बोलले हे टिपणार कसे आणि आठवड्याला इतके तास असताना लिहिणार केव्हा? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून काही मर्यादा आखून घेता येतील. प्रत्येक तासाची नोंद करू नये. एका सत्रात पाच-सहा चर्चा निवडाव्यात. नोंद त्याच दिवशी, वीस मिनिटांत, एका पानात करावी. पानाच्या उभ्या दोन भागांपैकी डावीकडे केवळ घडलेले लिहावे : प्रश्नाचे नेमके शब्द, निदान एका विद्यार्थ्याचे वाक्य जसेच्या तसे आणि स्वतःचे निदान एक वाक्य जसेच्या तसे. विद्यार्थ्याने बोलीत सांगितले असेल तर ते बोलीतच लिहावे. प्रमाणभाषेत उतरविताच त्या वाक्यातील बरेच काही निसटते. उजवी बाजू दोन दिवस कोरी ठेवावी आणि नंतर अर्थ लिहावा. शेवटी पुढील तासाला करावयाचा एकच बदल नोंदवावा. मोठ्या वर्गात संपूर्ण वर्ग न पाहता एका बाकाकडे किंवा एका गटाकडे लक्ष ठेवले तरी पुरे.

सत्र संपल्यावर या पाच-सहा पानांचे सलग वाचन करून दोन-तीन पानांचे टिपण लिहावे. आपण कोणता प्रश्न वारंवार विचारतो, कोणाच्या उत्तरानंतर आपण थांबतो, कोणत्या संहितेवर आपणच सर्वांत जास्त बोलतो, हे अशा सलग वाचनातच दिसू लागते. विभागातील दोन सहकाऱ्यांनी परस्परांच्या निवडक नोंदी वाचल्या तर त्याहून अधिक लाभ होईल, कारण आपल्या संहितेचे अंधारे कोपरे दुसऱ्या वाचकाला लवकर दिसतात.

८

समारोप करताना असे म्हणता येईल की, चिंतनसंचिका ही साहित्याच्या अध्यापकावर बाहेरून लादलेली नवी तांत्रिक बाब मानण्याचे कारण नाही. शब्द नेमके टिपणे, बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते ओळखणे, मौनाचा अर्थ लावणे, एकाहून अधिक वाचने शक्य ठेवणे, आधाराशिवाय विधान न करणे ही आपल्या विद्याशाखेची रोजची कामे आहेत. त्यांचा रोख स्वतःच्या तासाकडे वळविणे एवढेच नवे आहे. मात्र त्यासाठी प्रसंग आधी आणि बोध नंतर हा क्रम, विद्यार्थ्यांच्या विश्वासाचे रक्षण आणि पुराव्याच्या फायलीपासून नोंदवहीचे स्वातंत्र्य या तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. त्या पाळल्या गेल्या नाहीत तर 'उद्दिष्ट साध्य झाले' या वाक्याच्या प्रती वाढत जातील आणि उरलेल्या तेरा मुली का बोलल्या नाहीत, हे आपल्याला पुढल्या वर्षीही कळणार नाही.